उबवणीयंत्राची किल्ली

ओपन सोर्सच्या वर्गात बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की कोड कपाटात ठेवलात तर त्याला वाळवी लागेल. प्रत्येकाने काहीतरी कामाचं लिहायचं आणि कुणालाही वाचता येईल, घेता येईल असं नेटवर ठेवायचं. बाकीच्यांनी कॅल्क्युलेटर केले. एका मुलीने मामाच्या उबवणीयंत्राचा कोड लिहिला.

मामा अंडी उबवून पिल्लं विकायचा. यंत्र माणसापेक्षा उंच, आत थरावर थर अंडी. तापमान साडेसदतीसच्या आसपास राहायला हवं. दोन अंश चढून काही तास तसंच राहिलं, तर पिल्लू कवचातच संपतं. मामा त्यासाठी रात्रभर उठून बघायचा. भाचीच्या कोडमुळे आकडा मोबाइलवर दिसू लागला, तिथूनच कमीजास्तही करता येऊ लागला. मामा घोरायला लागला. गिऱ्हाइकांना सांगायचा, आमची प्रोफेसर यंत्राला जावळ काढल्यापासून ओळखते. या खेपेची सगळी पिल्लं एकाच मोठ्या गिऱ्हाइकाला द्यायची होती. त्यावर मामाचं पुढचं वर्ष उभं होतं.

सारखा टाइप करायला नको म्हणून तिने यंत्राचा पत्ता आणि पासवर्ड कोडमध्येच लिहून ठेवला होता. नेटवर टाकल्यावर दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. तिने जीभ चावली, ती ओळ काढली, नवा कोड चढवला आणि विषय संपला असं धरलं.

त्याच आठवड्यात कुणीतरी तिच्या कोडची प्रत घेतली. नाव नाही, फोटो नाही. तिला तर आभाळ ठेंगणं झालं. मामाने विचारलं, फुकट दिलास? फुकटच द्यायचा असतो, तीच तर मजा, असं ती म्हणाली. मामा म्हणाला, "फुकट नेणारा परत येतो गं. बघ तू."

पुढच्या तासाला बाईंनी जुन्या आवृत्त्या कशा काढायच्या ते दाखवलं. एक कमांड दिली आणि त्यांची कित्येक वर्षांपूर्वीची चुकलेली गणितं पडद्यावर हजर. "इथे खोडरबर नाही," बाई म्हणाल्या. "काय खोडलं, तेही राहतं."

तिने स्वतःचा कोड उघडला आणि पहिल्या आवृत्तीत गेली. पासवर्ड जागच्या जागी होता, आणि यंत्राला अजून तोच चालत होता. तिची प्रत ती पुसू शकत होती, त्या बिननावाच्या माणसाकडची नाही. आणि आता प्रती घेणारे वाढले होते.

वर्गाबाहेर येऊन तिने मामाला फोन लावला. सगळं ठीक आहे, आकडा बरोबर आहे, असं तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "सकाळी दार उघडलं की अंडी हाताला गरम लागतात. पण तुझा आकडा बरोबर असतो, मग म्हटलं माझाच हात म्हातारा झाला."

"मामा, नेटची वायर काढ. आत्ता काढ."

ती पोहोचली तेव्हा वायर जमिनीवर पडली होती. यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावर आठवड्याचा आलेख निघत असे. तो कधी कुणी पाहिला नव्हता, मोबाइल असताना पाहणार कोण? दिवसभर रेघ सरळ. पहाटे, मामा गाढ झोपेत असताना, एक उंचवटा आणि तो उठायच्या आत रेघ परत खाली. आधी टेकाडाएवढा. मग रोज थोडा मोठा. यंत्र बिघडलं की असं होत नाही. कुणीतरी सावकाश, पद्धतशीर, किती चढवलं तर काय होतं ते बघत होतं. तिने प्रयोगशाळेत अशाच पायऱ्यांनी नोंदी घेतल्या होत्या.

मामाने खोलीतला दिवा घालवला. हातातली छोटी बत्ती लावून तिच्या उजेडावर एक अंडं भाचीपुढे धरलं. उबवणीच्या या दिवसांत आत शिरांचं लाल जाळं दिसतं, पिल्लू हलतं. जाळं काळवंडलं होतं. हालचाल नव्हती. एखादं असतं असं, म्हणून त्याने ते बाजूला ठेवलं. दुसरं धरलं. तेही ठेवलं.

तिसरं त्याने उजेडावर दोनदा फिरवून बघितलं आणि तेही ठेवलं.

"कोण आहे तो?" त्याने विचारलं.

"माहीत नाही, मामा."

त्याने मान हलवली आणि पुढचा थर बाहेर ओढला.