भोकरची मोजणी

सहा वर्षं घासलेल्या प्रबंधातली चूक मायनं काढली, तीही ज्वारी निवडता निवडता. मायचं नाव कोंडाबाई, शाळा तिसरीपर्यंत. मी ज्योत्स्ना, नांदेडला विद्यापीठात अर्थशास्त्रात पीएच.डी. करत होते. समितीसमोरच्या सादरीकरणाला बावीस दिवस उरले होते आणि त्याच महिन्यात माझी नोंदणी संपत होती. तिथं घसरले की सगळं पाण्यात.

विषय साधा सांगते. वाढीच्या मॉडेलात यंत्रं, रस्ते हे भांडवल, आणि माणसांचं शिक्षण हेही भांडवलच. ते ज्या जिल्ह्यात जास्त, तो जिल्हा वेगानं वाढायला पाहिजे. शिक्षण मोजायला मी बारावी झालेली पोरं धरली होती. ती लातूरला ढीगभर, पण माझ्या गणितात त्यांचा परिणाम चक्क उणे येत होता. मग मी मोठ्या तोऱ्यात लिहून टाकलं, की सरकारनं पैसा शाळांऐवजी रस्त्यांवर घालावा.

सुट्टीत भोकरला गेले तेव्हा ते मायला वाचून दाखवलं.

"मग तुला दोन वर्सं लातूरला कामून धाडलं व्हतं?" ती म्हणाली. "ह्यात तू कुठं हायस?"

"लातुरात. बारावी तिथंच झाली ना."

"तू तर भोकरची."

लातुरातली निम्मी पोरं बाहेरगावची, दोन वर्षं खोली करून राहतात आणि बारावी झाली की पुण्याकडं पळतात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक हाय. मी स्वतः तशा खोलीत राहिले, मेसची पातळ डाळ खाल्ली, आणि तरी त्या सगळ्यांना लातूरचं भांडवल म्हणून मोजत बसले. स्वतःचा लई राग आला.

नांदेडला परतून माझे मार्गदर्शक राघवेंद्र सरांना सांगितलं. ते म्हणाले, "आकडे सरकारी आहेत. कोणी विचारणार नाही. सादर करून मोकळी हो."

"पण मला कळलंय ना, सर."

दुसऱ्या दिवशी अहमदपूरमार्गे लातूरची एसटी धरली. माझ्या जुन्या कॉलेजात प्राचार्यांची परवानगी काढली आणि ऑफिसातल्या मारोतीमामांनी प्रवेशाची जुनी रजिस्टरं पुढ्यात टाकली. नाव, गाव, तालुका, जिल्हा, फोन नंबर सगळं त्यात. बारा दिवस उतरवून काढलं. तीन हजार एकशे अठरा पोरांत एकोणीसशेच्या वर बाहेरच्या जिल्ह्यांतली निघाली. माझंही नाव सापडलं, पुढं 'रा. भोकर'.

बाहेरच्यांचं तेच प्रमाण सगळ्या जिल्ह्याला लावून परत गणित मांडलं. उणे चिन्ह गेलं, पण ठाम असं काहीच उरलं नाही.

"आता समितीला काय दाखवणार?" सरांनी विचारलं.

"हेच."

सादरीकरणात मी सुरुवातच चुकीपासून केली. बाहेरच्या विद्यापीठातून समितीवर आलेल्या देविका मॅडमनी चष्मा काढला. "एका कॉलेजावरून जिल्हा ठरत नाही. आणि पोरं लातूरची नाहीत, तर मग ती तुमच्या भोकरची झाली का?"

"नाही, मॅडम. रजिस्टरातल्या भोकरच्या एकशे बारा जणांना फोन लावायला घेतले. एकोणनव्वद लागले. आमच्या नांदेड जिल्ह्यात परत आलेले सात. शिक्षण वाया गेलेलं नाही, त्याची वाढ दुसरीकडं दिसते. मी मात्र रस्ते बांधा म्हणून लिहून बसले होते. ते पान मी फाडलंय."

मला बाहेर थांबवून आत बराच वेळ चर्चा चालली. मग बोलावून निकाल सांगितला. प्रबंध आत्ता स्वीकारता येत नाही. सहा महिने मुदतवाढ, शेवटची, आणि त्यात फेलोशिप मिळणार नाही. आणखी आठ कॉलेजांची रजिस्टरं पाहिजेत. राघवेंद्र सर खाली बघत होते. मी म्हटलं, "जमवते."

बाहेर येऊन मायला फोन लावला. परत आलेल्या सातांचं तिला आधीच सांगितलं होतं.

"झालीस का पास?"

"न्हाई. सहा महिने दिले. पुन्हा लातूर."

"रडून राहिलीस का?"

"न्हाई."

"आन् त्या सातांत तू हायस का?"

"हाव. पहिलंच नाव माझं."

"मग जा," माय म्हणाली. "पण जायच्या आधी घरी येऊन जेवून जा."