दुपट्ट्याखालचा भाव

इंग्रजी अमलातल्या कौन्सिलात, म्हणजे प्रांताच्या कायदेमंडळात, नत्थूजी भोयर चौदा वेळा बोलले होते आणि चौदाही वेळा मतदानात पडले होते. विहिरींवर बोलले, पडले. ढोरांच्या दवाखान्यावर बोलले, पडले. सावनेरकडच्या लोकांनी मोठ्या हौसेनं त्यांना निवडून नागपूरला धाडलं होतं, आणि आता तेच लोक पारावर बसून म्हणत, "आपला मेंबर बोलते झकास, पण होत काहीच नाही गा." नत्थूजींचा दोष एवढाच, की भाषण त्यांचं नसे. शेजारच्या बाकावरचे मेंबर मधुकरराव वकील ते इंग्रजीत लिहून देत आणि नत्थूजी परीक्षेला बसल्यासारखे घामाघूम होऊन ते पाठ म्हणत. तेवढ्यात अर्धं सभागृह बाहेर जाऊन पान खाऊन येई.

पंधरावं भाषण मात्र त्यांच्या जिव्हाळ्याचं होतं. ते पंचफुलासाठी होतं.

पंचफुला त्यांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर बारा एकरांची शेती तिनं एकटीनं सांभाळली. कापूस असा पिकवायची की जाणाऱ्या-येणाऱ्यानं हात लावून पाहावा. पण बाजारात गाडी उभी केली की या बोलक्या बाईचं तोंड बंद व्हायचं. त्या काळी कापसाचा भाव तोंडानं सांगत नसत. व्यापारी आणि शेतकऱ्याचा माल विकून देणारा अडत्या दुपट्ट्याखाली हातात हात घालत आणि बोटं दाबून सौदा ठरवत. एखादा शेतकरी फारच अडून बसला, तर अडत्या त्यालाही कधीमधी हात घालू देई. पण बाईनं परक्या पुरुषाच्या हातात हात द्यावा कसा? ती दहा हात दूर उभी राही, दुपट्टा हले, आणि अडत्या येऊन सांगेल तोच भाव.

"दादा, कापूस माहा, गाडी माही, अन् भाव तेवढा त्याईच्या दुपट्ट्यात?" या हंगामाच्या सुरुवातीलाच ती चिडून म्हणाली होती. "तुमच्या कौन्सिलात लोक मोठ्यानं बोलतात ना? मंग बाजारात काहून नाही बोलत?"

नत्थूजी वचनच देऊन बसले. "पुढच्या हंगामात भाव तू तुह्या कानानं आयकशीन वं. नाही तर मी पुन्हा मेंबरकीले उभा राहत नाही."

जानेवारीत बाजाराचं बिल चर्चेला आलं. नत्थूजींची दुरुस्ती एका ओळीची होती: भाव सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं पुकारावा, कपड्याखाली ठरलेला सौदा ग्राह्य धरू नये.

विरोधात उठले गिरिधरशेठ. नागपूरच्या इतवारी पेठेतले कापसाचे बडे व्यापारी, बोलणं असं गोड की समोरच्यानं नकार विसरावा. "अध्यक्षमहाराज," ते म्हणाले, "हा रिवाज आपल्या मौतीनं मरत आहे. त्याला कायद्याची काठी कशाला? मी स्वतः दहा वर्षांत दुपट्ट्याखाली हात घातलेला नाही."

माना डोलल्या. सरकारी बाकांवरच्याही डोलल्या. नत्थूजींनी ते पाहिलं. हातात मधुकररावांचा इंग्रजी कागद होता, पहिलं वाक्य ओठांवर होतं, आणि दोन मेंबर पान खायला उठतही होते. आज पडलो तर पंचफुलाला काय तोंड दाखवायचं? नत्थूजींनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि आपल्या बोलीत बोलायची परवानगी मागितली. अध्यक्षांनी ती दिली.

"शेठजीचं म्हननं मले पटलं," नत्थूजी म्हणाले. मधुकररावांनी कपाळाला हात लावला. शेठजी हसले.

नत्थूजी बोलत बोलत शेठजींच्या खुर्चीपाशी गेले. "आता मालाचं सांगतो. सावनेरकडचा कापूस हाय शेठजी. दोन गाड्या. पांढराफेक, पानाचा चुरा नाही, देवाशप्पथ." आणि खांद्यावरचा दुपट्टा उजव्या हातावर टाकून त्यांनी तो हात मुकाट्यानं शेठजींपुढे धरला.

शेठजींचा हात गेला. गेला तो थेट दुपट्ट्याखाली गेला, आणि बोटं दाबूनही झाली. चेहरा बाजारात असतो तसा निर्विकार, नजर छताकडे. काय घडलं ते सगळ्या सभागृहाला कळलं, शेठजींनाच तेवढं उशिरा कळलं. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग हसण्याला ऊतच आला. शेठजी हात ओढू लागले, पण नत्थूजींनी तो पक्का धरला होता.

"राहू द्या शेठजी, सौदा अर्धा सोडत नाही कोणी." नत्थूजी सभागृहाकडे वळले. "अध्यक्षमहाराज, शेठजींनं आत्ताच मले भाव देल्ला. तुम्ही सारे समोर बसून आहा. किती देल्ला, सांगा कोणीतरी."

हसणं थांबलं. कुणालाच सांगता येईना.

"कायदे करनाऱ्याईले समजलं नाही. मंग दूर गाडीपाशी जे बाई उभी राहते, तिले कसं समजन? कापूस तिचा हाय. तिनं हात घालावा तरी कसा? माही बहीण हाय थे."

ते खाली बसले. पान खायला उठलेले दोघे उभेच होते. मतं मोजली गेली: छत्तीस विरुद्ध एकोणतीस. नत्थूजींना आकडे कळेचनात. मधुकररावांनी त्यांना गदागदा हलवलं, "अहो, जिंकलात!" तेव्हा कुठं डोळ्यांत पाणी आलं, आणि इतका आनंद झाला की कौन्सिल हॉलच्या पायऱ्या ते पोरासारखे दोन-दोन उतरले.

दिवाळी झाली. नवा कायदा लागू झाल्यावर पंचफुलाची गाडी पहिल्यांदाच बाजारात उभी राहिली. नत्थूजी मुद्दाम बैलांच्या पलीकडे जाऊन थांबले. एका व्यापाऱ्यानं कापूस चाचपला, घसा खाकरला आणि भाव मोठ्यानं पुकारला. मग उत्तरासाठी सवयीनं नत्थूजींकडे पाहिलं. नत्थूजी बैलाचं शिंग न्याहाळू लागले.

"नाही देत," पंचफुला म्हणाली.

सगळा बाजार वळून पाहू लागला. दुसऱ्यानं वाढवून पुकारला.

"नाही देत."

तिसरे आले गिरिधरशेठ, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून. ते नत्थूजींकडे बघून ओशाळं हसले आणि त्यांनी असा भाव पुकारला की शेजारच्या गाड्यांवरचे शेतकरी उठून उभे राहिले.

पंचफुलानं डोक्यावरचा पदर सारखा केला. "आता देते," ती खणखणीत आवाजात म्हणाली.

मग बैलांना वळसा घालून ती भावाजवळ आली. नत्थूजी दुपट्ट्यानं डोळे पुसत होते. पंचफुलानं त्यांच्याकडे नवलानं पाहिलं.

"इतकं सोपं हाय गा दादा," ती म्हणाली. "तुले पंधरा भाषणं काहून लागली?"