रेषेजवळचा स्क्रम

जानेवारीत ओझेर क्लबने माझ्या नवऱ्याला, बेन्वाला, सांगितलं, पुढच्या मोसमात तुझी गरज नाही, वय झालं. त्याच्या जागी दुसऱ्याला घेऊन मोकळेही झाले. मग त्याने विलमार क्लबशी करार केला, तर त्याचं चुकलं कुठे? आमच्याकडे सगळेच रग्बीवाले मोसम चालू असतानाच पुढची सोय लावतात. अट एकच होती. विलमार वरच्या लीगमध्ये चढलं, तरच करार.

आणि नशीब बघा! वर कोण राहणार, याचा शेवटचा सामना नेमका ओझेर विरुद्ध विलमार. ओझेर जिंकलं तर बेन्वाची नोकरी गेली. हरलं तर आमचा क्लब खालच्या लीगमध्ये, आणि अख्खं गाव म्हणणार, बेन्वाने सामना विकला.

"कंबर धरली म्हणून सांग ना, खेळूच नकोस," मी म्हटलं.

"मग तर खेळायच्या आधीच विकला म्हणतील."

विलमारच्या मैदानात आम्हा ओझेरवाल्यांना एका कोपऱ्यात कोंबलं होतं, अगदी गोलरेषेला लागून. शेजारी माझे पप्पा, जन्मभर ओझेरसाठी घसा फोडलेला माणूस, गळ्यात लाल मफलर. मागून बेकरीवाली ओदिल म्हणाली, "काय गं नादेज, आज टाळ्या कोणासाठी?"

"तुझं तोंड बंद झालं की वाजवते!"

पण खरं सांगते, सकाळपासून मी मनात एकच घोकत होते. हरू देत मेले.

शेवटचं मिनिट आलं. आम्ही दोन गुणांनी पुढे, आणि आमच्याच रेषेजवळ स्क्रम. आठ विरुद्ध आठ, खांद्याला खांदा भिडवून रेटारेटी, बेन्वा पहिल्या रांगेत. त्याच्यामुळे स्क्रम कोसळला तर विलमारला पेनल्टी, तीन गुण, खेळ खलास. त्या गर्दीत कोण घसरला नि कोण मुद्दाम बसला, हे बाहेरून कोणाच्या बापाला कळत नाही.

स्क्रम कोसळला. पंचालाही उमगेना. त्याने पुन्हा लावायला सांगितला.

"विकला गेलाय!" ओदिल किंचाळली. पप्पा मफलर तोंडावर धरून हुंदके द्यायला लागले. एवढा म्हातारा माणूस! सगळं मैदान श्वास रोखून गप्प होतं, आणि मी उठून बोंबलले, "ढकल, बेन्वा! ढकल रे!"

विलमारवाले आधी वीतभर, मग हातभर मागे सरकले. चेंडू आमच्याकडे आला आणि शेवटची शिट्टी झाली.

बेन्वा कुंपणाशी आला. कान रक्ताळलेला. माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "ऐकलं मी तुला."

"शाब्बास रे!"

"कसली शाब्बास? पहिल्यांदा मीच बसलो होतो, मुद्दाम. पुन्हा बसणार होतो. मला वाटलं, तुलाही तेच हवंय."

हवंच होतं. आणि बोंबलले मात्र उलटंच! स्वतःचाच भयंकर राग आला.

तेवढ्यात पप्पांनी कुंपणावरूनच त्याला मिठी मारली. "माझा जावई! पुढच्या मोसमातही अस्सं ढकलायचं, काय?"

ओझेरमध्ये आता त्याला जागाच नाही, हे आनंदाच्या भरात ते विसरले होते.

"हो पप्पा," बेन्वा म्हणाला.