माळ घातली का?

दारू पितोस का, असं विचारून आजवर कुणाला खरं उत्तर मिळालंय? कर्जतच्या भातगिरणीचे मालक तात्यासाहेब यांना हे कळायला वयाची साठी उलटावी लागली. पण कळलं तेव्हा त्यांना वाटलं, हा शोध आपणच लावला.

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. विलायतेत स्थायिक झालेले आपल्याकडचेच एक मोठे डॉक्टर तात्यांच्या धर्मादाय ट्रस्टच्या दारात उभे राहिले. तिकडच्या इस्पितळात म्हणे माणसाचं सडलेलं लिव्हर काढून दुसऱ्याचं बसवतात, आणि इकडच्या एका रोग्याला ते फुकट बसवून द्यायला तयार होते. एकालाच. अट एवढीच, की गडी दारूबाज नसावा. नव्या लिव्हरात परत जुनीच हातभट्टी ओतायची, तर मग एवढा उपद्व्याप कशाला, असं तिकडच्या लोकांचं म्हणणं. गोऱ्या लोकांना धर्मसुद्धा हिशेबानं करायची सवय.

आठवडाभर तपासण्या झाल्या आणि शेवटी दोघं उरले. मोहोपाड्याच्या कंपनीत कामाला असलेला पदू आणि साजगावचा गजा. दोघांची पोटं सारखीच फुगलेली, डोळे सारखेच पिवळे जर्द.

"माझ्या शास्त्राप्रमाणे दोघेही बसतात," डॉक्टर म्हणाले. "दारूचं तेवढं तुम्ही बघा. तुमची माणसं तुम्हाला ठाऊक."

तात्यांना आपली माणसं ठाऊक होती म्हणजे कोण किती भात गिरणीवर आणतो ते ठाऊक होतं. पण मोठ्या माणसाला ठाऊक नाही म्हणता येत नाही, ती त्याची अडचण असते. तात्यांनी आधी सरळ चौकशी केली. तेव्हा असं दिसून आलं की खालापुरापासून कर्जतपर्यंत कुणीच दारू पीत नाही, भट्ट्या आपल्या उगाच पेटतात. मग तात्यांनी डोकं चालवलं. ज्यानं गळ्यात तुळशीची माळ घातली तो दारूला शिवत नाही, शिवला तर माळ काढावी लागते. तेव्हा प्रश्न एकच विचारायचा. "दान सत्पात्री पडायला हवं, डॉक्टर," तात्या म्हणाले आणि आपल्याच हुशारीवर खूश झाले.

बाहेर गिरणीच्या ओट्यावर पदूची बायको शकू बसली होती.  नवरा वाचतो की जातो, हे आता आतली दोन माणसं ठरवणार होती, आणि त्यातल्या एकालाही पदू कोण हे माहीत नव्हतं.

अहो, पदूनं जन्मात दारूला बोट लावलं नव्हतं! स्वतःच्या हळदीत मित्र पाजायला मागे लागले तेव्हा हा पठ्ठ्या गोठ्यात जाऊन म्हशीमागं लपला होता. सुकट मात्र लागायची. ताटात सुकट नसली की तोंड वाकडं. माळकऱ्याला मासळी वर्ज्य, म्हणून तुळशीच्या माळेचा विषय त्यांच्या घरात कधी निघालाच नाही. उलट गजा! साजगावच्या कुठल्या गटारात किती पाणी असतं हे गजाला अंगावरच्या अनुभवानं माहीत होतं.

माळ दोघांनाही होती, पण ती काविळीची; गजाची डोक्याला गुंडाळलेल्या टॉवेलाखाली. कोंडाण्याच्या वरच्या वाडीतली चिंधी कसल्याशा मुळीचे तुकडे दोऱ्यात गुंफून ती करायची आणि रोग्याच्या डोक्यावर ठेवायची. माळ दिवसागणिक वाढते, डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून खाली येते, आणि तिच्याबरोबर कावीळही उतरते, असं सगळा मुलूख मानतो. पण मागच्याच महिन्यात सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं ती माळ बघून शकूला सगळ्यांदेखत झाडलं होतं. "अडाणी कुठली! असल्या माळा घालून माणसं मारता तुम्ही!" तो शब्द तिला लागला होता. म्हणून आज घरून निघतानाच तिनं नवऱ्याच्या डोक्यावरची माळ काढून कनवटीला लावली होती. विलायतेच्या डॉक्टरपुढं अडाणी ठरायचं नाही, असा पक्का निर्धार.

आत बोलावलं. शकू पदर सावरून उभी राहिली.

"बाई, खरं सांगायचं," तात्या म्हणाले. "नवऱ्यानं माळ घातलीय का?"

आली का तीच गोष्ट! शकू सावध झाली. "घातली व्हती सायेब. पर आता काढली."

"काढली?" तात्या खुर्चीत ताठ झाले. "कुणी काढली?"

"मीच. आज सकाळी. म्हनलं, कशाला पायजे असली थेरं? आमचा नाय इस्वास त्यावर."

"म्हणजे आता सगळं पहिल्यासारखं?"

"व्हय," शकू अभिमानानं म्हणाली, "सगळं पयल्यावानी."

तात्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान डोलावली. ते बरीच वर्षं तिकडे राहिल्यामुळे इकडच्या कशालाही मान डोलवत असत. शकू बाहेर आली ती हलकी होऊनच. जिंकलो, असं तिला वाटलं.

मग गजाची आई गौराबाई आत गेली. खिडकी उघडीच होती.

"माळ घातलीय का मुलानं?"

"घातलीय की मालक! दिवाळीपास्नं."

अगं अगं, शकू मनात म्हणाली, आता तुला फाडून खातील.

"कधी काढली नाही ना?"

"एक दिस नाय. आनि मालक, रोज वाढतीय!"

"रोज वाढते!" तात्यांनी हात जोडले. "ऐकलंत डॉक्टर? वाढते म्हणाली! धन्य ती माउली. आमची भक्ती इतक्या वर्षांत तसूभर सरकली नाही हो."

भक्ती? शकू खिडकीशी थिजली. माळ. तुळशीची. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि पायाखालची जमीन सरकली. जळो माझं तोंड, नवऱ्याला मीच दारुडा केला!

ती आत घुसली तेव्हा तात्या गजाला आत बोलावून त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घालत होते आणि फोटोवाला "जरा हसा" म्हणत होता. गजा हसला. त्याचा वास खोलीभर पसरला, पण तात्यांनी उदबत्ती लावली होती.

"सायेब, ही माळ! ही!" शकूनं कनवटीची माळ ओढून काढली आणि टेबलावर आपटली. "काविळीची वो! त्यानं दारू कदी हुंगली सुदिक नाय. गजाच्या डोक्यावरला टावेल काडा, त्याची बी हीच हाय!"

 गौराबाईनं लेकाच्या डोक्यावरचा टॉवेल घट्ट धरला. खरं काय ते तात्यांना कळलं. माणूस भातगिरणी चालवतो, तो काही अगदीच बावळट नसतो. पण हार घालून झाला होता आणि फोटो निघाला होता.

"बाई, तूच म्हणालीस ना, सगळं पहिल्यासारखं?" तात्या म्हणाले. "आता शब्द फिरवू नकोस. ट्रस्टचा निर्णय म्हणजे काही पोरखेळ नाही."

शकूनं डॉक्टरांचे पाय धरले. डॉक्टर संकोचून मागे सरकले आणि घड्याळाकडे बघत म्हणाले, "माझ्या दृष्टीनं दोघेही बसतात. मला तसा फरक पडत नाही."

शकूनं माळ उचलली. बाहेर फणसाखाली पदू वाट बघत बसला होता.

"काय झालं गं?"

तिला खरं सांगायचं होतं. 

"तुमी बसत नाय म्हनले."

"म्हंजी तेवढा आजारी नाय मी!" पदूचा चेहरा उजळला. "मला वाटलंच व्हतं. उगा घाबरवत्यात. चल, जाताना बाजारातनं सुकट घिऊ."

 शकू पुढं झाली आणि तिनं माळ त्याच्या डोक्यावर ठेवली. मघाच्या ओढाताणीत तिच्या गाठी सुटून दोरा लांबला होता. ती डोक्यावर टिकली नाही, सरळ गळ्यात उतरली.

"बघ, वाढली!" पदू हरखून म्हणाला. "उतरली गं, कावीळ उतरली!"