ब्रह्मचारी ज्ञानीजींचं लग्न

बाप्पा! पोटची पोर शेजारी उभी, आणि बापाला ब्रह्मचारी म्हणतात, तेही बारा फुटी फ्लेक्सवर! अकोल्यातल्या त्या लहानशा गुरुद्वाऱ्यात ग्रंथसाहिब वाचणारे ग्रंथी मेहरसिंग फाटकाशी उभं राहून वाचत होते, 'ब्रह्मचारी संत ज्ञानी मेहरसिंगजी'. गावातच सासरी असलेली लेक सिमरत तोंडाला ओढणी लावून हसत होती.

बायको जाऊन चार वर्षं झाली होती. एकटा माणूस, पांढरी दाढी. लोक पाया पडू लागले, दानपेटी भरू लागली, आणि गुरुद्वारा समितीचे प्रधान गुरमुखसिंग यांना ते फार मानवलं. पण मेहरसिंगांना घर खायला उठायचं. म्हणून त्यांनी अमरावतीच्या बचनी कौरला लग्नाचं विचारलं. बचनी विधवा, बाजारात विळे-चाळण्या विकणारी, जीभ विळ्याहून धारदार. ती म्हणाली होती, "मले संत नोको. नवरा होत असान तं हो म्हनते."

"फ्लेक्स उतरवा," मेहरसिंग प्रधानांना म्हणाले. "रविवारी माहं लग्न हाये."

"साठीले आले न् लग्न? लोकं कायले पाया पडतीन मंग? गादी पायजे का बायको, ठरवा!"

"गादी घ्या तुमची!" मेहरसिंग कडाडले. "आपल्या गुरूंनी संसार केला, लेकरं खेळवली. जोगी घर सोडून पयते अन् भीक मागाले संसारवाल्याच्याच दारात येते, हे वीस वर्सं सांगून राहिलो तुमाले. तवा झोपले होते काय? लग्न याच गुरुद्वाऱ्यात होईन."

गुरुद्वारा बंद करायची प्रधानांची छाती नव्हती. त्यांनी दुसरी शक्कल काढली. शिखांच्या लग्नात ग्रंथसाहिबांतली चार कडवी, म्हणजे लावां, वाचतात, एकेका लावेला एकेक फेरा. मेहरसिंगांशिवाय त्या वाचता येणाऱ्या दोघांना त्यांनी दटावून घरी बसवलं.

रविवारी नवरा-नवरी येऊन बसली, तर ग्रंथसाहिबांमागची जागा रिकामी. "वाचा आता सोताच!" प्रधान मिशीत हसले. लग्न झालं नाही तर बचनी संध्याकाळच्या गाडीनं जाणार होती, कायमची. तिनं तसं बजावलंच होतं.

सिमरत उठली, माथा टेकला आणि ग्रंथसाहिबांमागे जाऊन बसली.

"ए पोरी! बापाच्या लग्नाच्या लावां पोरगी वाचते काय कुठी?"

"वाचू नाई म्हून कुठं लिवलं ते दाखवा, उठते मी. अन् काका, आई गेल्यावर हा मानूस चार वर्सं एकटा जेवला. तुमी नाई पाह्यलं, मी पाह्यलं. बसा खाली!"

लंगरातल्या बाया पिठाच्या हातांनी येऊन नवरीमागे बसल्या. प्रधानांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांच्या बाजूनं कोणी उठेना. ते बसले.

सिमरतचा आवाज आधी कापला, मग लागला. मेहरसिंग उठले, बचनीनं त्यांच्या खांद्यावरच्या उपरण्याचा पल्ला घट्ट धरला. उभ्या जन्मात लोकांची दीडशे लग्नं लावलेला हा माणूस चौथ्या फेऱ्याला ढसाढसा रडायला लागला.

"डोये पुसा," बचनी मागून पुटपुटली. "संतबावा रडते म्हून हासतीन लोकं."

"हासू दे!" ते जमलेल्या सगळ्या संगतीला ऐकू जाईल असं म्हणाले. "संत नाई रडून राहिला. नवरा रडून राहिला तुहा."