दादाने बोलती केलेली स्क्रीन

वहिनीने धाकट्यावर एकच काम सोपवलं होतं. दादाचा रिपोर्ट आणायला ती एकटी हॉस्पिटलात जाऊन येईपर्यंत त्याला गुंतवून ठेवायचं, आणि रिपोर्टमध्ये काहीही निघो, दादाला त्याचा सुगावा लागू द्यायचा नाही. घरातला हा नियम वडिलांच्या आजारपणापासूनचा. डॉक्टरांनी त्यांना आजाराचं नाव तोंडावर सांगितलं, आणि त्या दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. तीन आठवड्यांत गेले. तेव्हा घरातल्या सगळ्यांनी डॉक्टरांना शिव्या घातल्या, सगळ्यांत जास्त दादाने.

फोन करू नका, मेसेज करा, हे धाकट्यानेच वहिनीला बजावलं होतं. फोन आला की दादाचे कान टवकारणार. मेसेज कसा गुपचूप येतो. एवढी अक्कल लढवल्याबद्दल तो स्वतःवरच खूश होता.

दादा गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. तीस वर्षं डॅशबोर्डमागे डोकं घालून जगलेला हा माणूस दोन महिने पलंगावर बसून होता आणि घरातले दिवे उगाच चालू-बंद करून बघत होता. त्याला गुंतवायचं म्हणजे हाताला काम द्यायचं. धाकट्याच्या गाडीत दादानेच बसवलेली स्क्रीन सहा महिन्यांपासून मुकी झाली होती. धाकट्याचं त्यावाचून काही अडत नव्हतं. उलट, 'डावीकडे वळा' म्हणणारी ती बाई गप्प झाल्यापासून गाडीत सुख होतं. पण आज त्याला ती आठवली.

दादाने पॅनेल उचकटलं आणि मागच्या तारांच्या गुंत्यात हात घातला. शर्ट खांद्यावरून ओघळत होता, मनगटं काडीसारखी झाली होती, पण बोटं तीच होती. सुटलेली तार पाच मिनिटांत सापडली. मध्यंतरी धाकट्याने दुसरीकडून चार्जर बसवून घेतला होता, तेव्हा ती निसटली होती. हे काम कुठल्या गवंड्याकडून करून घेतलंस, इथपासून दादाने त्याचा उद्धार सुरू केला. धाकट्याने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. त्याला फार बरं वाटलं. दोन महिन्यांत दादा कुणावर ओरडलाच नव्हता.

मग दादाने त्याचा फोन मागून घेतला, स्क्रीनला जोडला, दोन-चार बटणं दाबली. चालवून बघितल्याशिवाय गाडी गिऱ्हाइकाला द्यायची नाही, हा त्याच्या गॅरेजचा शिरस्ता. म्हणून दोघे निघाले. रेडिओ लागला. दादाने आवाज कमी-जास्त करून पाहिला, मान डोलावली आणि सीटला टेकला.

पुलाच्या चढावर पुढे ट्रक, मागे बस. धाकट्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. रेडिओ आपोआप थांबला आणि ती बाई बोलू लागली.

"वहिनी यांचा मेसेज. रिपोर्ट आला. यकृतात पसरलंय. डॉक्टर म्हणतात, आता करण्यासारखं काही नाही. तीन-चार महिने. ह्यांना कळू देऊ नका. मी तोंड धुऊन घरी येते."

डावीकडे वळायला सांगावं, त्याच सुरात तिने हे सगळं सांगितलं. धाकट्याने मध्येच बटण दाबलं, ते एसीचं निघालं. गार वारा सुटला आणि बाई शेवटपर्यंत बोलली. मग तिने विचारलं, उत्तर द्यायचं आहे का?

पूल उतरल्यावर धाकट्याने गाडी कडेला घेतली. आपल्याच हाताने आपण दादाला हे ऐकवलं, एवढंच डोक्यात घुमत होतं. दादा खिडकीतून समोरच्या टायरच्या दुकानाकडे बघत होता. बाईने पुन्हा विचारलं.

दादाने न बघता बोट पुढे केलं आणि माइकचं बटण दाबलं.

"दादा गाडीत झोपलाय," तो म्हणाला. धाकटा बोलतो तसं भरभर. "त्याने काही ऐकलं नाही. तुम्ही सावकाश या, वहिनी."

बाईने ते वाचून दाखवलं. पाठवू का, म्हणाली.

"पाठव," दादा म्हणाला.

धाकट्याला रडू कोसळलं. दादाने त्याला रडू दिलं, एसी कमी केला आणि निघालेलं पॅनेल अंगठ्याने दाबून बसवलं.

"तिच्यापुढे ब्र काढायचा नाही," तो म्हणाला. "माझ्यापासून लपवायचं काम आहे तिला. तेही काढून घेतलंस तर ती करेल काय?"

ते घरी पोचले तेव्हा वहिनी आधीच आली होती. तोंड स्वच्छ धुतलेलं, केस विंचरलेले. झोप लागली होती म्हणे, असं तिने हसून विचारलं. दादाने डोळे चोळले. छान लागली होती, म्हणाला. मग त्याने रिपोर्टचं विचारलं.

"काही नाही हो. अशक्तपणा आहे नुसता."

"मी म्हणतच होतो," दादा म्हणाला.

तो पलंगावर जाऊन बसला. भिंतीला पाठ टेकली, वहिनीकडे तोंड केलं आणि चहा मागितला. धाकटा दारातच उभा होता, गाडीची किल्ली हातात धरून.