राखून ठेवलेलं शेवाळ

युस्तीनानं पन्हळीत हात घातला आणि ओल्या काळ्या लगद्याची मूठ भरून बाहेर काढली. वरून हिरवं, खालून कुजलेलं, मध्ये बीचच्या पानांचे देठ. तिनं न बघताच ती मूठ खाली टाकली. ती थेट अल्बिनच्या टोपीवर बसली. तिनं नेम धरला नव्हता, पण नेम लागल्याचं वाईटही वाटलं नाही.

"बघून टाक की गं," शिडी धरून उभा असलेला तिचा नवरा म्हणाला.

"बघण्यासारखं काय आहे खाली?"

"तू पन्हळीतलंच काढतेयस ना? वरच्याला हात लावू नकोस हं."

'वरचं' म्हणजे शेवाळ. घराच्या उत्तरेकडच्या उतारावर ते वळचणीपासून आढ्यापर्यंत पसरलं होतं. गादीसारखं जाड, आणि पाऊस पडला की इतकं हिरवं की रस्त्यानं जाणारे मान वर करून बघत. त्याखाली कौलं आहेत हे ज्याला आधीपासून माहीत त्यालाच माहीत. काळे कस्तूर पक्षी दिवसभर त्यात किडे शोधत, चोचीनं गोळे उपटत आणि मागे उडवून देत. ते गोळे घरंगळत येऊन पन्हळीत बसत. पन्हळ तुंबली, उभ्या पाइपात बोळा अडकला, की पाणी मागच्या काठावरून भिंतीत उतरायचं. युस्तीनानं मागच्याच आठवड्यात पन्हळ अशीच हातानं साफ केली होती. त्याच्या आधीही केली होती. बाचा नदीच्या त्या खोऱ्यात नोव्हेंबरात पाऊस धरला म्हणजे धरलाच. समोरचे डोंगर दिसेनासे होतात आणि ते परत दिसले की माणसं त्यांच्याबद्दल बोलतात.

भिंत जुनी, दगडाची. प्यायली की पोटभर प्यायची आणि लवकर सोडायची नाही. त्या भिंतीच्या आत घरातली एकुलती एक जादा खोली होती. तिथला गिलावा फुगून पोळीसारखा सुटला होता, कोपऱ्यात काळे ठिपके धरले होते. कपाटात ठेवलेल्या चादरीसुद्धा सादळायच्या.

ही खोली त्यांच्या मुलीची. निवेस लग्न होऊन मारिबोरला गेली तरी नाताळला ती इथंच यायची. मागच्या नाताळात ती सहा महिन्यांच्या याकाला घेऊन त्याच खोलीत झोपली. परत गेल्यावर पोराची छाती अशी भरली की त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. परवा निवेसनं फोनवर स्पष्टच सांगितलं होतं.

"आई, डॉक्टर म्हणालेत, ओल्या खोलीत त्याला झोपवायचं नाही. खोली कोरडी असेल तर येतो. नसेल तर नाताळ इकडेच, माझ्या सासूबाईंकडे."

"कोरडी होईल," युस्तीना म्हणाली होती.

"होईल नको गं. आहे का ते सांग."

तिला सांगता आलं नव्हतं.

एका सकाळचं काम होतं. छपरावरचं शेवाळ खरवडून टाकायचं, पन्हळ एकदा धुऊन काढायची, संपलं. पण ते शेवाळ तिचं नव्हतं. अल्बिननं ते चर्चला देऊन टाकलं होतं.

गावच्या चर्चमध्ये नाताळचा जो गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, मांडतात तो पार बाजूच्या वेदीपासून खांबापर्यंत असतो. टेकड्या, वाटा, मेंढ्यांची कुरणं, सगळं खऱ्या शेवाळाचं. पूर्वी ते ओढ्याकाठच्या रानातून यायचं. मग रानाचा तो भाग राखीव झाला, आणि चर्चच्या किल्ल्या सांभाळणारा हुबर्ट पाठीवर पोतं घेऊन येताना वनरक्षकाला सापडला. पोतं तर गेलंच, वर सगळ्या खोऱ्यात हसू झालं. त्या वर्षी अल्बिन म्हणाला, माझ्या छपरावर आहे की, न्या. फादरनी वेदीवरून त्याचं नाव घेतलं. तेव्हापासून उत्तरेच्या उताराला कुणी हात लावायचा नाही आणि काढायचं ते नाताळच्या अगदी तोंडावर, असं ठरून गेलं. ठरवताना युस्तीनाला कुणी विचारलं नव्हतं.

शिडीवरून उतरून तिनं हात धुतले आणि तशीच चर्चकडे निघाली. हुबर्ट मागच्या खोलीत मेंढपाळांच्या पुतळ्यांवरची धूळ पुसत बसला होता. एका मेंढपाळाचा हात त्यानं सरसानं चिकटवून दोऱ्यानं बांधून ठेवला होता.

"हुबर्ट, शेवाळ आत्ता काढून न्या."

"आत्ता? अजून नोव्हेंबरच चालू आहे. नाताळपर्यंत पिवळं पडेल."

"सफरचंदांच्या खोक्यांत घाल, खाली तळघरात ठेव, पाणी शिंपड."

"तळघरात उंदीर आहेत."

"उंदीर शेवाळ खातात?"

"खात नाहीत. पण त्यात राहतात." हुबर्टनं मेंढपाळ खाली ठेवला. "आणि हे बघ, ते काढायचीही एक रीत आहे. सुकलेलं असताना काढलं तर भुगा होतो. ओलं असताना काढलं तरच चटईसारखं अखंड निघतं."

"मग आज ओलंच आहे."

"आज छप्पर निसरडं आहे. ओल्या छपरावर मी कुणाला चढवणार नाही. कुणी पडलं म्हणजे?"

"म्हणजे सुकलं की काढता येत नाही आणि ओलं असलं की चढता येत नाही."

"अगदी बरोबर," हुबर्ट समाधानानं म्हणाला. "म्हणून तर दिवस नेमका धरावा लागतो. तो माझ्यावर सोड."

"माझी भिंत कुजतेय, हुबर्ट. निवेस पोराला घेऊन येणार नाही म्हणते."

"अगं, येईल. मुली असंच म्हणतात." तो जरा पुढे झुकला. "तू अल्बिनच्या कष्टांचा तरी विचार कर. उन्हाळाभर बिचारा दूधसंघातून चीजचं पाणी आणून त्यावर शिंपडतोय. उगाच का एवढं दाट आलंय?"

हुबर्टच्या लक्षात आलं की आपण बोलायला नको होतं, आणि तो घाईघाईनं दुसरा मेंढपाळ पुसायला लागला.

घरी जाताना तिला सगळा ऑगस्ट आठवला. खिडकी उघडली की आंबूस वास यायचा. तिनं शेजारच्या बोक्याला दोष दिला होता. त्याला दोनदा चपलेनं हाकलला होता. बोका काय म्हणत असेल आपल्याला.

अल्बिन स्वयंपाकघरात शेगडीपाशी बसून योटाची, आंबट कोबी आणि बीन्सच्या रश्श्याची, वाटी पुढ्यात घेऊन जेवत होता. तिनं कोट काढला नाही.

"दूधसंघातून पाणी कशाला आणत होतास?"

"कुठलं पाणी?"

"चीजचं."

"डुकरांना."

"आपल्याकडे डुक्कर कुठं आहे?"

अल्बिननं चमच्यानं बीन्स इकडून तिकडे ढकलले. "पूर्वी होतं," तो म्हणाला.

"त्याला जाऊन किती वर्षं झाली?"

ती त्याच्या समोर बसली.

"मी खालून उपसतेय, अल्बिन. आठवड्याला उपसतेय. माझी नखं बघ. आणि तू वरून पेरतोयस."

"पेरत नाही गं. ते आपसूकच आलंय. मी फक्त जरा..."

"जरा काय?"

"जरा खुराक दिला."

"नातवाला झोपायला खोली नाही आणि शेवाळाला दूध."

"दूध नव्हे, पाणी."

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं चमचा खाली ठेवला. मग तो टेबलाकडे बघत बोलला. जन्मभर रेल्वेत रुळांची देखरेख केली. रूळ नीट असले की कुणी ब्र काढायचं नाही. कुठे बिघडला की साहेबापासून प्रवाशापर्यंत सगळे बोलायचे. या शेवाळाचं मात्र लोक थांबून कौतुक करतात. फादरनी सुद्धा केलं. मागच्या नाताळात टोल्मिनहून आलेल्या एका बाईनं त्याचा फोटो काढला.

"शेवाळाचा," युस्तीना म्हणाली.

"हो. पण मी बाजूला उभा होतो."

तिला हसू आलं असतं, एरवी. ती उठली आणि कोटाची बटणं काढायला लागली.

"ठीक आहे. नाताळला मी मारिबोरला जाते. दारिंकाच्या सोफ्यावर झोपेन. तिच्या हातचं गोड सूप पिईन आणि छान झालंय म्हणेन. तू इथं राहा. तुझं कौतुक होऊ दे."

दारिंका म्हणजे जावयाची आई. तिच्याकडे दोन दिवसांच्या वर राहणं युस्तीनाला जमत नसे, हे अल्बिनला पक्कं ठाऊक होतं. त्या रात्री तो बराच वेळ कूस बदलत होता.

सकाळी ती उठली तेव्हा वरून खरवडल्याचा आवाज येत होता. भुरभुर पाऊस होता. आढ्यावर आकड्याची शिडी अडकवून अल्बिन तिच्यावर पोटावर पडला होता, आणि भट्टीत पाव सरकवायची लाकडी फळी शेवाळाखाली घालून एकेक पट्टा उचलत होता. शेवाळ खरंच चटईसारखं अखंड निघत होतं. हुबर्टचं तेवढं बरोबर होतं. खालची कौलं लालसर, ओली, नुकत्याच जन्मलेल्या पिल्लासारखी दिसत होती.

तिनं कोठारातून सफरचंदांची खोकी आणली. तो शिडीनं पट्टे खाली पोचवायचा, ती घेऊन खोक्यांत रचायची. एक पट्टा तिच्या हातून तुटला, तर वरून आवाज आला, "हलक्या हातानं."

"तू गप्प राहा."

अर्धा उतार उघडा झाला असेल तोवर हुबर्ट फाटकाशी हजर. गावात खरवडल्याचा आवाज कुठवर जातो कोण जाणे. डोक्यावर छत्री होती आणि चेहरा असा की घरात कुणी गेलंय.

"अल्बिन, अरे हे काय करतोस? चार आठवडे आहेत अजून."

अल्बिन फळी थांबवून खाली बघत राहिला. हुबर्टनं खोक्यांवरून नजर फिरवली, एकात बोट घालून पाहिलं.

"हे गेलं ते गेलं. पण निदान धुराड्याजवळचं राहू दे. ते सगळ्यात दाट आहे. बेथलेहेमची टेकडी त्याचीच करतो आपण. एवढा एक तुकडा, अल्बिन."

युस्तीनानं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा तिच्या ओळखीचा झाला. तीस-पस्तीस वर्षं ती तो बघत आली होती. कुणी मळणीला बोलावलं, कुणी गाडा मागितला, कुणी त्याच्या सुट्टीच्या दिवशी स्वतःचं काम त्याच्या गळ्यात मारलं, की तो चेहरा असाच व्हायचा आणि मग तोंडातून एकच शब्द निघायचा.

"बरं," अल्बिन म्हणाला.

धुराड्याचा तो तुकडा बरोबर त्या खोलीच्या वर होता.

युस्तीनानं हातातलं खोकं खाली ठेवलं. वळचणीला टेकलेली शिडी दोन्ही हातांनी उचलली, अंगणात नेली आणि भिंतीलगत आडवी करून टाकली. मग कपडे वाळवायच्या बाकावर जाऊन बसली.

"युस्तीना," वरून अल्बिन म्हणाला. "शिडी."

"धुराड्याजवळचं निघालं की लावते."

"अगं, पाऊस वाढतोय."

"दिसतंय मला."

"हुबर्ट, तू तरी लाव," अल्बिन म्हणाला.

हुबर्ट शिडीकडे एक पाऊल गेला. युस्तीना उठली नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहिली. तो जागीच थांबला आणि छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"नवराबायकोच्या मध्ये मी पडत नाही," तो म्हणाला.

"छपराच्या मध्ये पडतोस ते?"

वर अल्बिन थोडा वेळ तसाच पडून राहिला. पाठीवरचा कोट भिजून काळा झाला होता. मग त्यानं एकदा घसा साफ केला.

"हुबर्ट," तो म्हणाला, आणि पुन्हा थांबला. "हुबर्ट, नाही जमणार. टेकडी यंदा कागदाची कर."

हे बोलून झाल्यावर त्यानं फळी धुराड्याकडे वळवली. तो पट्टा सगळ्यात जाड होता आणि सुटता सुटेना. सुटला तेव्हा खाली दोन कौलं तडकलेली निघाली. युस्तीनानं शिडी पुन्हा लावली आणि तो उतरेपर्यंत धरून ठेवली. तिनं त्याला कोरडा शर्ट दिला आणि हुबर्टला हातगाडी.

"ही खोकी आत्ताच्या आत्ता घेऊन जा. नाही नेलीस तर शेणखताच्या ढिगावर जातील."

हुबर्टनं नेली. दोन खेपांत नेली.

दोन दिवस पावसानं झोडपलं. पन्हळ वाहत होती, पाइपातून पाणी सरळ खाली पडत होतं. तडकलेल्या कौलांच्या जागी अल्बिननं पत्रा सरकवला होता. तिसऱ्या दिवशी युस्तीना खोलीत गेली, कपाट पुढे ओढलं आणि मागच्या भिंतीवर तळहात टेकवला. भिंत गार होती. हात काढला तर तळव्याला चुना आणि पाणी. आणखी वर, आणखी बाजूला हात लावून पाहिला. सगळीकडे तेच. वरून येणं थांबलं होतं, पण वर्षभराचं प्यायलेलं आतच होतं.

ती भिंतीला चार शब्द सुनावून स्वयंपाकघरात आली आणि निवेसला फोन लावला.

"ओली आहे," ती म्हणाली. "छप्पर साफ झालंय, पन्हळ चालू आहे. पण भिंत ओली आहे आणि वसंतापर्यंत ओलीच राहणार. नाताळला येऊ नका."

पलीकडे याका कशावर तरी डबा आपटत होता.

"मग तुम्ही या," निवेस म्हणाली. "दोघं या. माझ्या सासूबाईंचा सोफा उघडतो, त्याचा पलंग होतो."

"माहीत आहे उघडतो ते. मधली पट्टी पाठीला लागते."

"आई."

"येतो. सांग तिला."

फोन ठेवून ती वळली. अल्बिन दारात उभा होता.

"मी पण?" त्यानं विचारलं.

"सोफा दोघांचा आहे. मधल्या पट्टीवर तू झोपायचं. आणि कुणी काही मागितलं तर तोंड उघडायच्या आधी माझ्याकडे बघायचं."

तो मान हलवून गाडीची वेळ बघायला गेला. युस्तीना परत त्या खोलीत गेली. गादी गुंडाळून बाहेर काढली, पलंग भिंतीपासून दूर ओढला, कपाटाची दारं उघडी टाकली. मग खिडकी सताड उघडून मध्ये विटेचा तुकडा अडकवला. डोंगरावरचं गार वारं आत शिरलं आणि सगळं घर थंड पडलं.

"अगं, खिडकी उघडी आहे कुठली तरी," स्वयंपाकघरातून अल्बिन म्हणाला.

"उघडीच राहणार," ती म्हणाली. "स्वेटर घाल."